पहाटे टेट्रांचा थवा वर येऊन धापा टाकतो: सोलापूरच्या उन्हाळ्यात कारण शोधायचा क्रम

लक्षणं

टँकचा दिवा लागण्याआधी, खिडकीतून येणाऱ्या उजेडात बघा. निऑन, कार्डिनल, रमीनोज हे टेट्रा किंवा हार्लेक्विन रासबोरा, हे छोटे मासे एरवी मधल्या थरात सैलसर थव्यानं फिरतात. बिघाड असेल तर ते वर आलेले दिसतात: तोंड पाण्याच्या रेषेला, शेपटी खाली, कल्ल्यांची उघडझाप भराभर. फिल्टरचं पाणी पडतं त्या कोपऱ्यात गर्दी असते. खाणं टाकलं तरी थवा नीट येत नाही. गोगलगायी काचेवरून वर चढलेल्या असतात, झिंगे असतील तर तेही. दुपारपर्यंत सगळं पूर्ववत होतं, आणि पुढच्या पहाटे पुन्हा तेच. आठवड्याभरात एखादा-दुसरा मासा तळाशी मरून पडलेला सापडतो.

दोन गोष्टींना लक्षण समजू नका. निऑन आणि कार्डिनल रात्री अंधारात फिके पडतात आणि दिवा लागल्यावर काही मिनिटांत त्यांचा निळा-लाल रंग परत येतो, हे नैसर्गिक आहे. कोरिडोरास हा तळाशी राहणारा मासा अधूनमधून सूर मारून वर येतो, हवेचा घोट घेतो आणि खाली जातो, हेही नैसर्गिक आहे. तो वरच थांबला तर मात्र काळजी करायची.

मासे आत्ता धापा टाकत असतील तर

आधी त्यांना श्वास घेऊ द्या, कारण नंतर शोधू. एअर स्टोन, म्हणजे एअर पंपाच्या नळीला लावायचा बुडबुड्यांचा सच्छिद्र दगड, पाण्यात सोडा. झाडांसाठी सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, चालू असेल तर बंद करा. टँकमधलं पाणी तीन-चार इंच कमी करा, म्हणजे फिल्टरचं पाणी उंचावरून पडेल आणि पृष्ठभाग ढवळेल. लाईट गेली असेल तर मगानं पाणी उचलून वीतभर उंचीवरून परत ओता. दहा मिनिटं हे करा, अर्धा तास थांबा, पुन्हा करा. त्या दिवशी खाणं देऊ नका.

औषध टाकू नका. दुकानात जाऊन निळं किंवा पिवळं औषध आणणं हा बहुतेकांचा पहिला उपाय असतो, आणि बरेचसे मासे त्यामुळेच जातात. मिथिलिन ब्लू फिल्टरमधल्या, माशांची घाण पचवणाऱ्या उपयोगी जिवाणूंना मारतं. फॉर्मॅलिन असलेली औषधं पाण्यातला प्राणवायू आणखी कमी करतात. मासा धापा टाकतोय म्हणजे त्याला रोगच झालाय, असं नाही. प्लँटेड, म्हणजे झाडं लावलेल्या, टँकमध्ये रोग हे सगळ्यात शेवटी तपासायचं कारण आहे.

पहिली तपासणी: वेळ लिहा

हिला एक पैसाही लागत नाही आणि निम्मं निदान इथेच होतं. तीन दिवस वही ठेवा: पहाटे सहा, दुपारी चार, रात्री दहा. थवा कोणत्या थरात होता, पाणी कधी बदललं, लाईट कधी गेली, एवढंच लिहायचं.

फक्त पहाटे त्रास, दुपारी ठीक: रात्री प्राणवायू कमी पडतोय किंवा सीओटू साचतोय. झाडं दिवसा प्राणवायू सोडतात, पण रात्री तीही मासे आणि जिवाणूंसारखीच तो वापरतात. टँकमध्ये झाडं जितकी दाट, तितका हा खड्डा खोल.

दुपारी तीन ते सहा त्रास: उष्णता, किंवा दिवा चालू असताना सीओटू जास्त.

पाणी बदलल्यावर तासाभरात त्रास: क्लोरीन, गरम पाणी किंवा पाण्याच्या गुणधर्मात झालेला एकदम फरक.

दिवसभर सारखाच आणि रोज वाढत जाणारा त्रास: अमोनिया किंवा नायट्राइट, म्हणजे माशांच्या घाणीतून तयार होणारी विषं.

एकच मासा आजारी, बाकी थवा मजेत: तिथे रोगाचा विचार करा.

आणखी एक खूण. टँकमध्ये गुरामी किंवा फायटर असेल तर त्याच्याकडे बघा. त्याला हवेतून श्वास घेता येतो. टेट्रा तडफडतायत आणि गुरामी आरामात आहे, तर बहुधा प्राणवायूच कमी आहे. गुरामीही कोपऱ्यात मलूल पडला असेल तर पाण्यात काहीतरी विषारी आहे असं धरून चला.

दुसरी तपासणी: एक रात्र हवा चालू ठेवा

साधा एअर पंप आणि एअर स्टोन घ्या. टँकचा दिवा बंद झाल्यापासून सकाळी तो लागेपर्यंत चालू ठेवा. पहाटे थवा मधल्या थरात दिसला तर कारण सापडलं. पुढच्या तपासण्या मग फक्त खात्रीसाठी करायच्या.

रात्री बुडबुडे सोडल्यानं झाडांचं काही बिघडत नाही, कारण अंधारात त्यांना सीओटू नकोच असतो. वीस रुपयांच्या नळीला शेवटी एक वाल्व लावा, पाणी उलटं न येऊ देणारा. पंप टँकच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवला तर आणखी बरं. लाईट गेल्यावर नळीतून पाणी उतरून पंपात शिरतं, तिथून स्विचबोर्डात. हा अपघात घराघरांत होतो.

एवढा फरक का पडतो, ते आकड्यांत बघा. समुद्रसपाटीला २५ अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात जास्तीत जास्त ८.२ मिलिग्रॅम प्रति लीटर प्राणवायू विरघळतो, ३२ अंशांना ७.३. सोलापूर साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे, म्हणून आपल्याकडे दोन्ही आकडे आणखी पाचेक टक्क्यांनी खाली. हा फरक लहान वाटेल. पण त्याच सात अंशांत माशांची, झाडांची आणि तळातल्या जिवाणूंची प्राणवायूची गरज बरीच वाढते. पुरवठा थोडा कमी, मागणी खूप जास्त, आणि रात्रभर भर घालणारं कुणी नाही. एप्रिल-मेमध्ये पहाटे पाच-सहाला टँकमध्ये प्राणवायू सगळ्यात कमी असतो तो यामुळे.

तवंग

बॅटरीचा उजेड तिरका टाकून पाण्याचा पृष्ठभाग बघा. तेलकट, इंद्रधनुषी थर दिसला तर तो प्रथिनांचा आणि जिवाणूंचा तवंग आहे. हवा आणि पाण्यात वायूंची देवाणघेवाण फक्त पृष्ठभागावर होते, आणि तवंग तीच अडवतो. वर्तमानपत्राचा कागद आडवा टेकवून उचला, दोन-तीनदा केलं की तवंग निघतो. मग फिल्टरचं तोंड असं वळवा की पृष्ठभाग सतत हलका थरथरत राहील. तवंग दोन दिवसांत परत आला तर खाणं जास्त पडतंय किंवा पानं कुजतायत. टेट्रांना दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं, दिवसातून एकदा, कडक उन्हाळ्यात आठवड्यातून एक दिवस उपास. पिवळी पडलेली, मऊ झालेली पानं रोज काढा.

खोलीतली हवा

बरेच जण ही तपासणी विसरतात. एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. डासांसाठी रात्रभर लावलेल्या लिक्विड मशीनमध्ये आणि कॉइलमध्ये पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं असतात. माणसासाठी ती सौम्य मानली जातात, पण मासे आणि झिंग्यांसाठी फार विषारी आहेत. टँकच्या खोलीत ती लावू नका, मच्छरदाणी वापरा. पावसाळ्यात गल्लीत धूरफवारणी आली की खिडक्या लावा, टँकवर ओली चादर टाका आणि धूर विरेपर्यंत अर्धा तास पंप बंद ठेवा. झुरळांचा स्प्रे, वाळवीचं पेस्ट कंट्रोल, ताजा ऑइलपेंट यांनाही हाच नियम, फक्त पंप दुसऱ्या खोलीत ठेवून लांब नळीनं हवा आणायची.

तापमान

शंभर रुपयांच्या आतला काचेचा थर्मामीटर पुरतो. पहाटे आणि दुपारी चारला वाचा. निऑन २० ते २६ अंशांत सुखी असतो, हार्लेक्विन रासबोरा २२ ते २७. कार्डिनल, रमीनोज आणि एम्बर टेट्रा २८ पर्यंत आरामात राहतात. बाहेर ४२ अंश आणि घरावर पत्रा असेल तर टँक ३३-३४ ला जातो. माळवदाच्या घरात किंवा तळमजल्यावर तोच टँक तीन-चार अंशांनी थंड राहतो. म्हणून वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीला लागून टँक असेल तर निऑनचा हट्ट सोडा. दुकानात तो स्वस्त मिळतो, पण आपल्या उन्हाळ्यात सगळ्यात आधी तोच जातो.

उपाय साधा आहे. वरची काच काढा, मासे उड्या मारू नयेत म्हणून बारीक जाळी घाला, आणि १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा पृष्ठभागावर तिरका लावा. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं आणि टँक दोन ते चार अंशांनी उतरतो. आपल्याकडे एप्रिल-मेची हवा कोरडी असते, म्हणून ही युक्ती मुंबईपेक्षा सोलापुरात चांगली चालते. पाऊस सुरू होऊन दमट झालं की तिचा जोर कमी होतो.

पंख्यामुळे पाणी रोज उडतं, आणि उडतं ते शुद्ध पाणी. क्षार टँकमध्येच राहतात. समजा १०० लीटरच्या टँकमधून रोज २ लीटर उडालं आणि तुम्ही ते ६०० टीडीएसच्या (लीटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) बोअरच्या पाण्यानं भरलंत. टँकचा टीडीएस रोज १२ नं वाढेल, महिन्यात साडेतीनशेहून जास्त. उडालेलं पाणी फक्त आरओच्या पाण्यानं भरायचं. पाणी बदलणं हे वेगळं काम आहे, दोन्हींची गल्लत नको.

बर्फाची बाटली ही फक्त अडचणीची सोय. ५० लीटरच्या टँकमध्ये १ लीटर बर्फ पूर्ण वितळला तर साधारण दीड-दोन अंश उतरतात आणि संध्याकाळी परत चढतात. हा झोका टेट्रांना उष्णतेपेक्षाही जास्त जाचतो. तासाला एक अंशापेक्षा जास्त उतार होऊ देऊ नका.

फिल्टर

धार मंदावली आहे का बघा. स्पंज टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळायचा. नळाखाली धुतला तर क्लोरीननं जिवाणू मरतात आणि चार दिवसांनी अमोनियाची तक्रार सुरू होते.

लाईट जाण्याचा मुद्दा इथे येतो. बंद पडलेल्या कॅनिस्टरमध्ये, म्हणजे टँकबाहेर ठेवायच्या डब्याच्या फिल्टरमध्ये, पाणी फिरत नाही, आतले जिवाणू उरलेला प्राणवायू संपवतात आणि सडायला लागतात. उन्हाळ्यात दोन-तीन तासांत हे होतं. लाईट आल्यावर तो आपोआप सुरू झाला की सगळी घाण एकदम टँकमध्ये येते. लांब लोडशेडिंगनंतर कॅनिस्टर उघडून आतलं पाणी फेकून द्या, टँकच्या पाण्यानं खळबळून घ्या, मगच चालू करा. स्पंज फिल्टर टँकमध्येच असल्यानं त्याला हा धोका कमी, म्हणून मुख्य फिल्टर कोणताही असो, जोडीला एक स्पंज फिल्टर आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप ठेवाच. इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त हवा आणि फिल्टर जोडा, दिवा नको.

सीओटू

सिलिंडर असेल तर हिशोब सोपा: टँकचा दिवा लागण्याआधी एक तास चालू, दिवा बंद होण्याआधी एक तास बंद. टायमर आणि सोलेनॉइड (विजेवर उघडझाप होणारा वाल्व) लावून हे आपोआप होऊ द्या. ड्रॉप चेकरमध्ये, म्हणजे सीओटूची पातळी रंगानं दाखवणाऱ्या कुपीत, टँकचं पाणी भरू नका, ४ डीकेएचचं (ठरावीक क्षारतेचं) तयार द्रावण आणि रंगद्रव्य भरा. हिरवा रंग म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम प्रति लीटर, पिवळा म्हणजे माशांना जास्त. तो रंग एक-दोन तास उशिरा बदलतो, त्यामुळे चेकर हिरवा दिसत असतानाच मासे वर आलेले असू शकतात. अशा वेळी चेकरपेक्षा माशांवर विश्वास ठेवा.

साखर आणि यीस्टची बाटली वापरणाऱ्यांनी जास्त सावध राहायला हवं. ती रात्री बंद होत नाही. खोलीत ३५ अंश झाले की यीस्ट जोरात काम करतं, आणि हिवाळ्यात बेतलेलं मिश्रण एप्रिलमध्ये बरंच जास्त वायू सोडतं. रात्री नळी पाण्याबाहेर काढून ठेवा. नळीला चिमटा लावून वायू कधीही अडवू नका, दाबानं बाटली फुटते. उन्हाळ्यात यीस्ट निम्मं करा, किंवा दोन महिने बाटली बंदच ठेवा. अॅनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन, व्हॅलिस्नेरिया यांना सीओटू नसला तरी चालतं.

खात्री करायची असेल तर पहाटे ग्लासभर टँकचं पाणी घ्या, पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल) मोजा, मग त्यात दोन-तीन तास एअर स्टोन सोडून पुन्हा मोजा. पीएच एकाहून जास्त वाढला तर त्या पाण्यात सीओटू धोक्याच्या पातळीला होता.

पाणी

आपल्या शहरातल्या बहुतेक तक्रारी इथे येऊन थांबतात. उजनी, भीमेवरची टाकळी आणि हिप्परग्याचा तलाव, कुठूनही आलेलं असो, नळाचं पाणी रोज येत नाही. म्हणून घरोघरी साठवण असते, उन्हाळ्यात त्यात बोअर किंवा टँकरची भर पडते, आणि आजच्या बादलीतलं पाणी गेल्या आठवड्यासारखं असेलच असं नाही. त्यामुळे पाणी बदलण्याआधी प्रत्येक वेळी तीन गोष्टी बघायच्या.

तापमान. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी हाताला चटका देतं. बदलायचं पाणी सकाळी भरून घरात ठेवा. टँकच्या तुलनेत दोन अंशांहून जास्त फरक नको.

क्लोरीन. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळापर्यंत किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लीटर क्लोरीन शिल्लक असावं लागतं. प्रत्यक्षात ते रोज बदलतं, आणि सोसायटीची टाकी ब्लिचिंग पावडरनं धुतली असेल तर बरंच जास्त असतं. क्लोरीन कल्ले भाजतं. मग पाण्यात प्राणवायू असूनही मासा तो घेऊ शकत नाही, आणि एअर स्टोन लावूनही धापा थांबत नाहीत. रुंद तोंडाच्या बादलीत एअर स्टोन सोडून २४ तास ठेवलं तर क्लोरीन उडतं. झाकण लावलेल्या कॅनमध्ये उडत नाही.

घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. १० ग्रॅम खडे १०० मिली पाण्यात विरघळवा. या द्रावणाचे ३ मिली २० लीटरच्या बादलीत टाकून ढवळा. एवढ्यात २ मिलिग्रॅम प्रति लीटरपर्यंतचं क्लोरीन मरतं. थोडं जास्त पडलं तर धोका नाही. द्रावण गडद बाटलीत ठेवा आणि महिन्या-दीड महिन्यानं नवीन करा. नळाचं पाणी पाइपानं थेट टँकमध्ये सोडायची सवय असेल तर ती आजच सोडा.

टीडीएस. पेन मीटरनं टँक आणि बादली दोन्ही मोजा. दोघांत शंभर-दीडशेहून जास्त फरक असेल तर बादलीत आरओचं पाणी मिसळून जवळ आणा.

पाण्याची पाळी चुकली की होणारी एक गफलत इथे नीट समजून घ्या, कारण तिच्यात अख्खा थवा एका दुपारी जातो. तीन-चार आठवडे पाणी बदललं नाही की टँकचा पीएच घसरत ६.५ च्या खाली येऊ शकतो. अशा आम्ल पाण्यात अमोनिया साचला तरी जवळजवळ सगळा अमोनियमच्या रूपात असतो, फारसा विषारी नसतो, मासे वरवर ठीक दिसतात. मग एके दिवशी नळाला पाणी येतं आणि उत्साहानं निम्मा टँक बदलला जातो, तोही ८ पीएचच्या जड पाण्यानं. पीएच चढतो आणि निरुपद्रवी रूप विषारी रूपात बदलतं. ३० अंशांना ७ पीएचच्या पाण्यात एकूण अमोनियापैकी जेमतेम ०.८ टक्के विषारी असतो, ८ पीएचला सुमारे साडेसात टक्के. म्हणजे मोजणीतला आकडा तोच असला तरी विष नऊ-दहा पट. म्हणून बरेच दिवस पाणी बदललेलं नसेल तर १० टक्क्यांनी सुरुवात करा, एक दिवस सोडून पुन्हा १०, असं दोन आठवडे.

यावर कायमचा तोडगा म्हणजे टँकसाठी वेगळा शंभर लीटरचा ड्रम. पाणी आलं की भरायचा, हायपो घालायचा, तोंडाला घट्ट विणीचं सुती कापड बांधायचं. हवा खेळते आणि डेंग्यूच्या डासांना अंडी घालता येत नाहीत. मग नळाचं वेळापत्रक काहीही असो, दर आठवड्याला १५ टक्के पाणी ठरल्या दिवशी बदलता येतं.

अमोनिया आणि नायट्राइट

पट्ट्यांपेक्षा थेंबांचं किट घ्या. महाग पडतं, पण आकडा विश्वासाचा असतो. दोन्ही शून्य हवेत. टँक सहा आठवड्यांहून नवा असेल, नुकतेच मासे वाढवले असतील किंवा नवी अॅक्वासॉइल (झाडांसाठीची तयार माती) घातली असेल तर इथे आकडा सापडण्याची शक्यता मोठी. रोज २० टक्के पाणी बदला, खाणं दोन दिवसांतून एकदा, फिल्टरला हात लावू नका.

नायट्राइट रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता मारतं आणि कल्ले तपकिरी दिसायला लागतात. साधं मीठ १० लीटरला १ ग्रॅम टाका. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत जाऊ देत नाही. एवढ्या मिठानं झाडांना आणि टेट्रांना त्रास होत नाही. त्याहून जास्त नको.

तळ आणि दगड

शेतातली काळी माती तळाला घालणारे आपल्याकडे बरेच आहेत. तिच्यात झाडं वाढतात खरी, पण तिच्यात चुनखडीचे खडे असतात. ते विरघळत राहतात आणि पीएच सतत वर ओढतात. वाळलेल्या मुठीभर मातीवर आणि प्रत्येक दगडावर व्हिनेगर टाका. फेस आला तर ते टँकमध्ये नको. नदीच्या वाळूत शिंपल्यांचे तुकडे असतात, तिलाही हीच कसोटी. साधा काळा दगड सहसा चालतो, पण त्यातल्या पांढऱ्या शिरांवर थेंब टाकून बघा. फवारणी झालेल्या शेतातली माती मुळीच आणू नका.

मातीचा थर दीड इंचाहून जाड असेल तर काडीनं एका कोपऱ्यात हलकं टोचा. सडक्या अंड्याचा वास आणि बुडबुडे आले तर आत हायड्रोजन सल्फाइड साचलं आहे. एकदम उकरू नका, सगळा वायू पाण्यात सुटेल. दर आठवड्याला हातभर जागेत थोडं थोडं मोकळं करा, त्या वेळी एअर स्टोन जोरात चालू ठेवा. मलेशियन ट्रम्पेट गोगलगायी हे काम पुढे स्वतःच करत राहतात.

रोग

वरचं सगळं ठीक असेल, तरच. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके म्हणजे इक, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. एकाच बाजूचा कल्ला हलतोय आणि मासा दगडावर अंग घासतोय, तर कल्ल्यांतले कृमी असू शकतात. निऑनच्या पाठीवर फिकट पांढरा पट्टा, मासा थव्यापासून वेगळा, पुढे पाठीचा कणा वाकडा, ही निऑन टेट्रा डिसीजची लक्षणं आहेत. यावर इलाज नाही. तो मासा लगेच वेगळा करा, कारण मेल्यावर इतरांनी कुरतडला की रोग पसरतो.

औषध द्यायचंच तर वेगळ्या छोट्या टँकमध्ये. तांब्याची औषधं झिंगे आणि गोगलगायी मारतात, झाडंही जाळतात. इकसाठी तापमान ३० ला नेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. धापा टाकणाऱ्या टँकमध्ये तो आधी प्राणवायूचा बंदोबस्त केल्याशिवाय पाळू नका. नवीन मासे मुंबई, चेन्नई, कोलकात्याहून लांबचा प्रवास करून आलेले असतात. त्यांना तीन आठवडे वेगळं ठेवल्याशिवाय मुख्य थव्यात सोडू नका.

कधी थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

पाण्यात हात घातल्यावर मुंग्या आल्या, तर टँकला पुन्हा हात न लावता मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. पंप किंवा हीटरमधून पाण्यात वीज गळतेय. टँकच्या लाईनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच ती तोडणारा स्विच, बसवून घ्या.

काचेच्या सांध्यातून पाणी पाझरत असेल तर वरून सिलिकॉन फासून काही होत नाही. मासे बादलीत काढा, टँक रिकामा करा, टँक बनवणाऱ्याकडून सांधा पूर्ण खरवडून नवा करून घ्या. सीओटूच्या रेग्युलेटरमधून वायू गळत असेल तर खिडक्या उघडा, सिलिंडरचा मुख्य वाल्व बंद करा आणि रेग्युलेटर स्वतः खोलू नका.

हवा, सावकाश पाणीबदल आणि उपास हे सगळं करूनही २४ तासांत थव्यातले एक तृतीयांश मासे गेले, किंवा आठवडाभर रोज पाणी बदलूनही अमोनिया उतरत नाही, किंवा अंगावर जखमा दिसायला लागल्या, तर अंदाजानं औषधं टाकणं बंद करा. मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात विचारा, किंवा उदगीरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयाशी संपर्क करा. आपल्याला तेच जवळ आहे. बोअरच्या पाण्याचा संशय असेल तर ते पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या.

तुमच्या हातावर बारीक गाठ किंवा जखम होऊन ती काही आठवडे भरत नसेल, तर डॉक्टरांना दाखवताना घरात फिशटँक आहे हे आवर्जून सांगा. माशांच्या पाण्यातला एक जिवाणू कापलेल्या त्वचेतून शिरतो, आणि त्याची औषधं वेगळी असतात. सायफनही तोंडानं ओढू नका.

तपासणीसाठी नेताना आजारी पण जिवंत मासा सगळ्यात उपयोगी, हवा भरलेल्या पिशवीत. मेलेला न्यायचा तर मरून दोन-चार तासच झालेले असावेत आणि तो बर्फावर ठेवलेला असावा, फ्रीझरमध्ये गोठवलेला नको. सोबत टँकचं आणि बदलायच्या ड्रमचं असं दोन्ही पाणी स्वच्छ बाटल्यांत काठोकाठ भरून द्या, आणि पहिल्या तपासणीतली ती वही.